रांगेत पिशवी ठेवू नये

तीर्थस्वरूप जाऊबाई यांना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर अजून लचकते, पण कागदावर वाकायला काही त्रास होत नाही.)

आम्ही इथे सगळी खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? भाऊजींचा खोकला बसला का? आणि आमचे हे सकाळची गोळी सकाळी घेतात, की संध्याकाळी आठवली म्हणून दोन्ही एकदम घेतात, तेवढं जरा बघा. फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. तर फोन मी केला होता. चार वेळा केला. चारही वेळा तुम्ही "बरी आहे" एवढं बोलून फोन भाऊजींच्या हातात दिलात, आणि भाऊजी फोनवर फक्त हवामान विचारतात. तीन आठवड्यांत इथली हवा मी त्यांना इतकी सांगितली आहे की उद्या पाऊस येणार की नाही हे ते आता मला तिकडून सांगतील. पत्र मात्र तुम्हाला असं त्यांच्या हातात देता येणार नाही, कारण त्यांचा चष्मा फुटलेला आहे हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

तुम्ही रागावला आहात. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोलले ते बोलले. लेक माझी आहे, तिचं बाळंतपण मी एकटी करीन, दोघींनी जायचं काही कारण नाही. आणि तुम्ही महिनाभर बसून शिवलेली ती बारा दुपटी, तीही नकोत, उगाच वजन होतं, तिथे सगळं विकत मिळतं. एवढं बोलले तरी तुम्ही एक शब्द काढला नाहीत. दुपटी उचललीत, ट्रंकेत ठेवलीत आणि मशीनवर जाऊन बसलात. तुम्ही भांडला असतात तर माझी सोय झाली असती. मशीनच्या आवाजाशी कोण भांडणार? मग दुसऱ्या दिवशी ठकीचा फोन आला तेव्हा तुम्ही तिला गुडघ्याचं कारण सांगितलंत, आणि तो गुडघा तेव्हापासून दुखतोच आहे.

असो. मुद्द्याचं लिहिते. ठकीला नववा लागला आहे. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याची वीस तारीख दिली आहे, आणि ठकीचं म्हणणं असं की काही झालं तरी मोठ्या आईने आलंच पाहिजे. मी नाही म्हणत, ठकी म्हणते. पाच तारखेचं तिकीट तुमच्याकडे पोचलंही आहे. कागदपत्रं तर जावईबापूंनी आपल्या दोघींची तेव्हाच करून ठेवली होती, त्यामुळे तीही अडचण नाही. पण भाऊजींकडून (हवामानाच्या अधेमधे) कळलं की तुम्ही ते तिकीट कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं आहे आणि 'मला एकटीला एवढा प्रवास जमायचा नाही' म्हणालात. जाऊबाई, मला जमला. यावरून काय ते समजा. जिथे जिथे चुकायची सोय आहे तिथे तिथे मी चुकून आले आहे, तेव्हा तुमच्यासाठी रस्ता आता मोकळा आहे. ठकीने सांगितलं आहे की आईला जे जे नडलं ते मोठ्या आईला लिहून कळव, म्हणून हे लिहिते आहे. ठकी म्हणते म्हणून.

पहिलं विमान मोठं असतं. त्यात शिकण्यासारखं काही नाही. बसायचं, देतील ते खायचं, अधूनमधून पाय हलवायचे. मधे एका भल्यामोठ्या विमानतळावर विमान बदलावं लागतं, तिथे कुणाशी बोलू नका, नुसतं तिकीट दाखवा. आपण बोललो की ते लोक उत्तर देतात, आणि मग पंचाईत होते. तिकीट दाखवलं की बोट करतात. बोटाच्या दिशेने चालायचं, बोट संपलं की पुढच्या माणसाला तिकीट दाखवायचं. मी अशी सहा बोटांत पोचले.

दुसरं विमान छोटं, त्याचे पंखे बाहेर असतात आणि खिडकीतून दिसतात. ते दिसेनासे झाले की घाबरू नका, जोरात फिरतात म्हणून दिसत नाहीत. दिसायला लागले की घाबरायचं. (उतरल्यावर दिसतात ते चालतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे जमिनीवर सुखरूप पोचल्यानंतर मी शेजारणीचा हात घट्ट धरून बसले आणि ती बाई बिचारी माझ्यासाठी शेवटपर्यंत थांबली.) आणि विमान थांबल्याबरोबर उभ्या राहू नका. सगळे उभे राहतात, पण दार उघडत नाही, मान वाकडी करून पंधरा मिनिटं वरच्या कपाटाखाली ताटकळतात. तुम्ही बसून मजा बघा.

आता खरा विषय, म्हणजे इथला विमानतळ. तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमातला चकचकीत विमानतळ असेल, तर तो पुसून टाका. हा आपल्या बसस्थानकाहून लहान आहे. एक दालन, एक पट्टा, एक चहा-कॉफीचं दुकान, आणि समोर गाड्या लावायचं मैदान, ते मात्र विमानतळाच्या चौपट. विमानातून शिडीने उतरायचं आणि जमिनीवरून चालत जायचं. वारा असा सुटलेला असतो की पदराला दोन पिना लावून घ्या, एक पुरत नाही. जमिनीवर दोन पिवळे पट्टे आखलेले असतात आणि त्यांच्या मधूनच चालावं लागतं. मला समोर दार दिसत होतं, पट्टे मात्र उगीच लांबचा वळसा घेऊन जात होते, म्हणून मी सरळ निघाले. तेवढ्यात नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस दोन्ही हात जोरजोरात हलवत माझ्याकडे पळत आला. मला वाटलं, छोटं ठिकाण आहे, स्वागत करत असतील. मीही हात हलवला.

दालनात शिरल्यावर एक कागद भरायचा असतो. नाव, गाव, पासपोर्टचा आकडा वगैरे ठीक आहे, पण एक रकाना असतो: येण्याचं कारण. तिथे चार चौकोन, त्यांतल्या एकावर खूण करायची. सहल, नातेवाईक, काम, इतर. मी विचार केला. बाळंतपण ही काही सहल नव्हे. नातेवाइकांकडे जातात ते आयतं जेवायला. इतर म्हणावं तर आपण इतकं कसं काहीतरीच असू? मी 'काम' यावर चांगली ठसठशीत खूण केली. जाऊबाई, तुम्ही 'नातेवाईक' यावर खूण करा. 'काम' म्हटलं की ते परवाना मागतात, आणि बाळंतपण करायचा परवाना माझ्याकडे नव्हता.

आणि इथून पुढे लक्ष देऊन वाचा, कारण सगळं रामायण इथे झालं.

पासपोर्ट तपासायला दोन खिडक्या आहेत, त्यांतली एक बंद. रांगेत चाळीस माणसं, मी अठरावी. आणि मला स्वच्छतागृहात जायचं होतं. आता हे तुम्ही सोडून कुणाला सांगितलं तर हसतील, पण तुम्हाला माहीत आहे मी अठ्ठावीस वर्षं कुठे बसले. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर सकाळी साडेसातला फळी वर केली की समोर रांग लागलेली असायची: आधी एक चप्पल, मग पाण्याची बाटली, मग पिशवी, मग एक वीट, मग दोन माणसं, मग परत पिशवी. आजारी माणूस दोन तास उभा कसा राहील? तो भिंतीशी बसणार, त्याच्या जागी त्याची पिशवी उभी राहणार. मी वस्तूला माणसाइतकाच मान दिला. 'ही वीट कुणाची?' असं विचारलं की वीटवाला उठून यायचा. अठ्ठावीस वर्षांत कुणी कुणाची वीट सरकवली नाही. (एकदा एकाने सरकवली होती, पण त्याला त्याच दिवशी आमच्याच अपघात विभागात दुसरा केसपेपर काढावा लागला.) तेव्हा रांगेत पिशवी ठेवून जाणं ही माझ्या लेखी साधी माणुसकीची गोष्ट आहे. मी माझी काळी रेक्झिनची हातपिशवी रांगेत नीट सरळ ठेवली, मागच्या बाईला डोळ्यांनी आणि हातांनी सांगितलं की ही माझी, मी आलेच, आणि ती छान हसली. आपल्याकडे असं हसलं म्हणजे 'हो, जा, मी बघते'. इथे हसलं म्हणजे नुसतं हसलं.

आत मला बारा मिनिटं लागली, त्यांतली दहा नळाला. नळाला चावीच नाही. हात खाली धरला की पाणी येतं म्हणतात, पण माझ्या हाताखाली येईना, शेजारणीच्या हाताखाली यायचं. शेवटी मी तिच्या हाताखाली हात धरले. तेवढ्यात मोठी घंटा वाजायला लागली, एक बाई दार ठोठावत आली, आणि आम्हा सगळ्यांना मागच्या दाराने थेट बाहेरच्या मैदानात नेऊन उभं केलं. तिथे पाहते तर सगळा विमानतळ बाहेर! रांगेतली चाळीस माणसं, खिडकीतला साहेब, कॉफीवाला एप्रनसकट, आमचा पायलट आपली छोटी बॅग धरून, आणि घ्यायला आलेली माणसं पलीकडच्या कठड्यामागे. वारा तर असा की माझ्या दोन्ही पिना कामाला आल्या.

एका वयस्कर गृहस्थाने मला खुणांनी समजावलं की आत कुणीतरी सामान बेवारस टाकून गेलं आहे, आणि बेवारस सामान म्हणजे इथे भलताच संशय. ते कळल्यावर मला असा संताप आला! लहान मुलं, म्हातारी माणसं थंडीत उभी आणि हे कोण निष्काळजी? "काय एकेक माणसं असतात!" असं मी मोठ्याने म्हटलं आणि मान हलवली. त्यांनीही मान हलवली. मग मी पलीकडच्या आजीबाईंकडे जाऊन मान हलवली, एका जोडप्याकडे जाऊन हलवली, पायलटकडेही हलवली. नापसंती दाखवायला भाषा लागत नाही, हे मला तिथे कळलं. दहा मिनिटांत त्या मैदानात माझ्याइतक्या ओळखी झालेली दुसरी बाई नव्हती.

मग गणवेशातली एक मुलगी हातात बोलायचं यंत्र घेऊन रांगेरांगेने विचारत आली. काळी, असं ती म्हणाली तेवढं कळलं. चेन तुटलेली, असं तिने बोटांनी दाखवलं. आणि चेनच्या जागी निळ्या कापडाची पट्टी, तिची गाठ, तीही अशी फुलासारखी. जाऊबाई, ती पट्टी तुम्ही माझ्या निळ्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून काढून दिली होतीत आणि ती गाठ अख्ख्या जगात तुम्ही सोडून कुणी मारत नाही. मी मान हलवायची थांबवली.

खरं सांगते, मिनिटभर मनात आलं की गप्प बसावं. पासपोर्ट बटव्यात होता, बटवा कमरेला होता. पिशवीवर नाव नव्हतं. कोणाला कळणार होतं? आणि चार लोकांपुढे मी ज्या तोऱ्यात मान हलवली होती, त्यांच्यापुढे आता कुठल्या तोंडाने जायचं? पण तेवढ्यात त्या वयस्कर गृहस्थाने आपले दोन्ही हात जमिनीजवळून वर उडवून दाखवले आणि तोंडाने मोठ्ठा आवाज काढला. म्हणजे, ती पिशवी आता उडवून देणार. आणि खरोखरच एक छोटी यांत्रिक गाडी, पुढे एक लांब हात असलेली, दालनाकडे चालली होती. मग मात्र मी थांबले नाही. बासष्टाव्या वर्षी, पायात नव्या चपला, मी जी धावत सुटले ती पट्टे नाहीत, दोरी नाही, काही पाहिलं नाही. "माझी आहे! उडवू नका! माझी आहे!" हे सगळं आपल्या भाषेत, त्यामुळे तिथल्या लोकांना नेमकं काय वाटलं असेल ते देव जाणे. विमानतळावर धावू नये आणि ओरडू नये. दोन्ही एकदम तर मुळीच करू नये.

त्या पिशवीत असं काय होतं? कपडे होते. जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे. त्यांच्यासाठी एवढं जिवावर उदार व्हायचं काय कारण, असं तुम्ही विचाराल, तर ते विचारू नका. हा सल्ल्याचा भाग नाही.

मला एका खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ. एक मिशीवाले साहेब होते, भला माणूस, आधी पाणी दिलं. माझं इंग्रजी पाण्याबरोबर संपलं, म्हणून त्यांनी कठड्यामागून ठकीला आत बोलावून घेतलं. ती आली ती कमरेवर हात ठेवून, आठ महिन्यांचं पोट घेऊन, सावकाश. साहेब ताडकन उठले आणि तिला स्वतःची खुर्ची दिली. आणि ठकीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, विचारलं नाही, काही नाही. अगदी तुमच्यासारखं बघितलं. मला तिथल्या तिथे मशीनचा आवाज ऐकू आला.

तर जाऊबाई, त्या खोलीत तीन प्रश्न विचारतात. पिशवी तुमचीच का? मी म्हटलं, हो. तुम्हीच भरली का? मी म्हटलं, हो. आतलं सगळं तुमचंच का, की दुसऱ्या कुणी करून दिलेलं आहे? इथे मी पाण्याचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. मिशीवाले साहेब बघत होते, ठकी बघत होती, घड्याळ दहा मिनिटं मागे का होईना पण चालत होतं. उत्तराला मी दोन मिनिटं लावली, आणि विमानतळावर दोन मिनिटं म्हणजे फार होतं. शेवटी काय ते खरं सांगितलं, त्यांनी पिशवी तपासली, एका कागदावर सही घेतली आणि पुन्हा असं करू नका म्हणून सोडून दिलं. तुम्हाला सल्ला एवढाच की तिसऱ्या प्रश्नाला झटकन 'हो' म्हणा. तुम्हाला काय अवघड आहे म्हणा, तुमच्या पिशवीतलं सगळं तुमचंच असतं.

पुढे काही नाही. पट्ट्यावर माझी मोठी बॅग दीड तास एकटीच गोल फिरत होती, ती उचलली. मग एक काचेचं दार लागतं, ते आपोआप उघडतं. त्यातून बाहेर पडलं की परत आत येता येत नाही, तेव्हा आधी सगळं मोजून घ्या, गुडघ्याचा पट्टा धरून. मैदानात माझे ते ओळखीचे लोक अजून होते. मी खाली बघून चालले, पण त्या आजीबाईंनी मला थांबवून माझा खांदा थोपटला. का थोपटला ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

घर छान आहे. वरची खोली आपल्या दोघींना मिळून आहे, खिडकीजवळचा पलंग तुमचा. (तुम्ही घोरता हे मी ठकीला सांगितलेलं नाही. मी घोरते हे तिला कळलेलं आहे.) तुमच्यामागे दोघा भावांचं कसं होईल याची काळजी नको. चहाची गाळणी दाराआडच्या खिळ्याला असते, एवढं फक्त दोघांनाही वेगवेगळं सांगून ठेवा, कारण एकाला सांगितलं तर तो दुसऱ्याला सांगत नाही. महिना दीड महिना भात लागेल, दूध उतू जाईल, पण दोघंही टिकतील. पत्रात कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
धाकटी

ता. क. येताना माझा जुना चष्मा आणा, कपाटाच्या वरच्या खणात आहे. नवा त्या धावपळीत वाकडा झाला. सुया आणि पांढरा दोरा पण आणा, इथे मिळतो तो निसरडा असतो असं ठकी म्हणते.

ता. क. दुसरा. तुम्ही ट्रंकेला कुलूप लावून टाकलंत आणि ती उघडतही नाहीत, असं भाऊजी म्हणाले. ती उघडा, पण खाली बसून उघडा. दुपटी त्यात नाहीत. त्या पिशवीत दुपटी होती. बाराच्या बारा. तुम्ही सकाळी अंघोळीला गेलात तेव्हा मी काढली. आता चिडायचंच आहे तर सगळं ऐकून एकदाच चिडा. निघायच्या आठवडाभर आधी फोनवर ठकीशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं होतं की मी तिच्या बाळासाठी दुपटी शिवते आहे. मी! पलीकडून ती भरल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आई, तू? माझ्यासाठी?" जाऊबाई, बत्तीस वर्षांत तो आवाज माझ्यासाठी कधी निघाला नव्हता. तो तुमच्यासाठी निघतो. तिचा ताप तुम्ही काढलात, वेण्या तुम्ही घातल्यात, मी सकाळी साडेसातला खिडकीची फळी वर करत होते. मग तो आवाज एकदा मिळाल्यावर परत कसा करू? दुपटी तुमच्या नावाने आली असती तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून सगळ्यांदेखत नको म्हटलं आणि सगळ्यांमागे उचलली. आणि मग त्या खोलीत तिसरा प्रश्न ठकीच्याच तोंडून आला. मी म्हटलं, माझं नाही, माझ्या जाऊबाईंनी शिवलंय, मी चोरून आणलंय. ठकीने साहेबांना सांगताना 'चोरून' गाळलं. चांगली दुभाषी आहे. गाडीत बसल्यावर म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शाळेच्या फ्रॉकचं बटण तुटलं की मी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून द्यायचे, ती बाई बारा दुपटी कुठून शिवणार? फोनवर तिचा आवाज भरून आला नव्हता, ती हसू दाबत होती.

ता. क. तिसरा. दुपटी आता अकराच आहेत. पिशवी तपासायला त्यांनी कुत्रा आणला होता, मोठा, शिकवलेला, भारी कडक. त्याने सगळं हुंगलं, मग एका दुपट्यावर दोन गोल चकरा मारल्या आणि अंग टाकून झोपला. कामावर असताना तो झोपल्याचं त्या लोकांनी प्रथमच पाहिलं म्हणे. उठवला तर गुरगुरला. शेवटी साहेबांनी हात जोडल्यासारखं केलं आणि मी म्हटलं, राहू दे त्याला. तुमच्या पिवळ्या साडीचं होतं ते, मऊ. रागावू नका, तुमच्या शिवणाची एवढी पावती आजवर माणसांनीही दिली नसेल.

ता. क. शेवटचा. हे पत्र लिहायला मला ठकीने सांगितलेलं नाही. तिने उलट बजावलं आहे की मोठ्या आईचा गुडघा दुखतो, तिला आता आग्रह करू नकोस. तिकीट मी जावईबापूंना गळ घालून काढून घेतलं, ठकीला अजून पत्ता नाही. मला भीती वाटते जाऊबाई. रोज दुपारी ठकी झोपली की मी वरच्या खोलीचं दार लावते आणि तुमच्या दुपट्यात उशी गुंडाळून बघते. तीन आठवडे झाले. उचलली की उशी निसटते, कधी खालून, कधी वरून. दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, पण केसपेपर घेऊन माणूस आत जायचा आणि मी खिडकीत राहायचे. ठकी लहान असताना मी कामावरून यायचे तेव्हा ती तुमच्या हातची गुंडाळलेली, गाढ झोपलेली असायची. मला दुपटं सोडायचं माहीत आहे, बांधायचं कधी शिकलेच नाही. मी चुकले. हे वाक्य पहिल्या पानावरच लिहायचं होतं, पण तिथे जागा हवामानाने घेतली. गुडघ्याचं कारण ठकीला चालेल, मला सांगू नका. पाच तारखेला दुपारी तुमचं विमान उतरेल. काचेच्या दाराबाहेर तशी रांग नसते, तरी मी सकाळपासून तिथे पहिली उभी असेन. पिशवी ठेवून जाणार नाही, स्वतः उभी राहीन.